एसक्यूई-२ मधलं लीगल ड्राफ्टिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत लॉ करून इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला निघालेले वकील आणि इथल्याच फर्ममध्ये ट्रेनी म्हणून लागलेली मराठी मुलं-मुली यांच्याकडून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अडचणीचे नंतर. एसक्यूई म्हणजे सॉलिसिटर होण्याची पात्रता परीक्षा आणि लीगल ड्राफ्टिंग म्हणजे कायदेशीर दस्तऐवजांचा मसुदा लिहिणं. सगळे नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचे मार्ग वेगळे.

१. ड्राफ्टिंगची स्वतंत्र परीक्षा असते का?

नाही. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने, म्हणजे एसआरएने, सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, म्हणजे एसक्यूई, लागू केली. तिचे दोन टप्पे आहेत. एसक्यूई-१ मध्ये प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर असतात. एसक्यूई-२ मध्ये प्रत्यक्ष कामाची चाचणी होते : एकूण १६ स्टेशन (म्हणजे स्वतंत्र कामं), त्यातली १२ लेखी आणि ४ तोंडी. लेखी १२ पैकी ३ ड्राफ्टिंगची. बाकीची लीगल रिसर्च, लीगल रायटिंग आणि केस अँड मॅटर अॅनालिसिसची, प्रत्येकी तीन. तुम्ही जुन्या एलपीसीच्या (लीगल प्रॅक्टिस कोर्सच्या) वाटेने जात असाल तर ड्राफ्टिंग तुमच्या कोर्सचं कॉलेजच तपासतं. त्याची रचना वेगळी असते आणि खालचं परीक्षेच्या स्वरूपाबद्दलचं काही तुम्हाला लागू होत नाही. कायद्याचे मुद्दे मात्र तेच.

२. तीन ड्राफ्ट कोणत्या विषयांवर येतात?

लेखी परीक्षा तीन अर्ध्या दिवसांची असते. पहिल्या दिवशी दिवाणी वाद किंवा फौजदारी, दुसऱ्या दिवशी मालमत्ता किंवा मृत्युपत्र-प्रोबेट, तिसऱ्या दिवशी बिझनेस. रोज एक ड्राफ्ट, त्याला ४५ मिनिटं. त्याच दिवशी ६० मिनिटांची दोन कामं आणि ३० मिनिटांचं एक पत्रही असतं, म्हणजे रोज सव्वातीन तास टायपिंग. पहिल्या दोन दिवशी जोडीतला कोणता विषय ड्राफ्टिंगला येईल ते आधी कळत नाही. त्यामुळे 'क्रिमिनल सोडून देऊ का?' या प्रश्नाचं उत्तर 'नको' असंच आहे.

३. मार्क कसे देतात? ड्राफ्टिंगमध्ये नापास झालो तर सगळंच गेलं का?

प्रत्येक ड्राफ्ट चार निकषांवर तपासतात. दोन कौशल्याचे : भाषा स्पष्ट, नेमकी आणि आटोपशीर आहे का, आणि दस्तऐवजाची रचना योग्य आहे का. दोन कायद्याचे : मसुदा कायद्याने बरोबर आहे का, आणि तो पुरेसा आहे का. या शेवटच्या निकषात व्यावसायिक नीतीचा मुद्दा ओळखणंही येतं (प्रश्न १६). प्रत्येक निकषाला ए ते एफ अशी श्रेणी असते. ए म्हणजे ५, एफ म्हणजे ०. कौशल्य आणि कायदा यांना वजन सारखंच आहे, त्यामुळे देखण्या इंग्रजीत लिहिलेला चुकीचा मसुदा तरत नाही आणि बरोबर कायद्याचा गबाळा मसुदाही नाही.

प्रत्येक स्टेशन पास व्हावं लागत नाही. उत्तीर्णतेची रेषा एसक्यूई-२ च्या एकूण गुणांवर असते, त्यामुळे एक ड्राफ्ट बिघडला तर दुसरीकडे भरून काढता येतो. एकूणात नापास झालात तर मात्र एसक्यूई-२ पूर्ण पुन्हा द्यावी लागते. फक्त ड्राफ्टिंग वेगळं काढून देता येत नाही. सहा वर्षांत तीन संधी मिळतात.

४. माझ्याकडे भारतातली सनद आहे. मला ही परीक्षा द्यावीच लागेल का?

सनद असलेल्या वकिलाला इथली दोन वर्षांच्या पात्र कामाची अट लागत नाही. नुसतं एलएलबी झालेल्याला ती लागते. एसक्यूई-२ मधून सूट मागण्याचा अर्ज करता येतो, पण तुमचं शिक्षण आणि अनुभव एसक्यूई-२ च्या तोडीचा आहे हे कागदपत्रांनी दाखवावं लागतं. 'मी सात वर्षं प्रॅक्टिस केली' एवढं पुरत नाही. एसक्यूई-१ आधी सोडवा आणि सूट मागणारा अर्ज त्याच वेळी टाका. अर्जाच्या भरवशावर ड्राफ्टिंगची तयारी थांबवू नका.

५. नेमके कोणते दस्तऐवज काढायला सांगतात?

कधी कोऱ्या पानावर लिहायला देतात, कधी नमुना देऊन भरायला, कधी कुणाचा तरी कच्चा मसुदा दुरुस्त करायला (प्रश्न १४). दिवाणीत पार्टिक्युलर्स ऑफ क्लेम (वादीच्या दाव्याचा मजकूर), डिफेन्स (प्रतिवादीची कैफियत), साक्षीदाराचं निवेदन, मालमत्तेत विक्रीकराराच्या विशेष अटी किंवा लीजची (भाडेपट्ट्याची) कलमं, मृत्युपत्रातली कलमं, कंपनीच्या सभेचं इतिवृत्त, ठराव, भागधारकांच्या करारातली कलमं, फौजदारीत डिफेन्स स्टेटमेंट (आरोपीच्या बचावाचं निवेदन). अशा जातीची तयारी ठेवा. अख्खा तीस पानी करार ४५ मिनिटांत कुणी मागत नाही. बहुतेक वेळा दस्तऐवजाचा एक तुकडा मागतात, आणि तो तुकडा उरलेल्या दस्तऐवजात बसला पाहिजे.

६. मग पाच-पन्नास प्रिसिडंट (नमुना दस्तऐवज) पाठ करू का?

पाठ करण्यापेक्षा सांगाडा ओळखीचा करा. कोणत्या दस्तऐवजात कोणते भाग कोणत्या क्रमाने येतात आणि प्रत्येक भाग तिथे का असतो, एवढं हाताला माहीत हवं. पाठ केलेल्या कलमाची खोड अशी की ते अशिलाच्या सूचनेवर कुरघोडी करतं. प्रश्नात पगारदार नोकर असतो आणि पाठ केलेलं कलम कंपनी विकणाऱ्यासाठीचं असतं, तरी ते तसंच्या तसं पानावर उतरतं. तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं.

अपवाद दोन. स्टेटमेंट ऑफ ट्रुथ (मजकूर खरा असल्याचं निवेदन) आणि मृत्युपत्राचं साक्षांकनाचं कलम, ही शब्दन् शब्द पाठ ठेवा. स्टेटमेंट ऑफ ट्रुथचा मजकूर २०२० मध्ये बदलला आणि त्यात न्यायालयाच्या अवमानाचा इशारा आला. जुन्या नोट्स वापरणाऱ्यांचं तिथे हमखास चुकतं.

७. पाच वर्षं जिल्हा न्यायालयात दावे लिहिलेत. त्याचा काही उपयोग?

घटनांमधून वादाचा मुद्दा काढायची सवय लागलेली असते, ती सोन्यासारखी आहे. भाषेची सवय मात्र सोडावी लागेल. 'मोस्ट रिस्पेक्टफुली शोएथ'ने सुरुवात, प्रत्येक परिच्छेदात 'द सेड', शेवटी 'अँड फॉर धिस अॅक्ट ऑफ काइंडनेस' असली शेपटी, आणि 'वर नमूद केलेल्या वस्तुस्थितीला बाध न येता' असं प्रत्येक वाक्याला जोडणं हे इथे कौशल्याच्या मार्कांतून जातं. एप्रिल १९९९ मध्ये नवे दिवाणी प्रक्रियेचे नियम आले तेव्हापासून 'प्लेन्टिफ' जाऊन 'क्लेमन्ट' आला, आणि आपल्याकडच्या 'प्लेन्ट'ला इथे 'पार्टिक्युलर्स ऑफ क्लेम' म्हणतात. हे बारीक वाटतं, पण 'प्लेन्टिफ' शब्द दिसला की पुढचं सगळं संशयाने वाचलं जातं.

दुसरी सवय म्हणजे युक्तिवाद. आपल्याकडच्या दाव्यात पुष्कळदा घटना, पुरावा, निवाडे आणि राग सगळं एकत्र असतं. इथे पार्टिक्युलर्समध्ये फक्त घटना. पुरावा साक्षीदाराच्या निवेदनात जातो, निवाडे स्केलेटन आर्ग्युमेंटमध्ये (युक्तिवादाच्या लेखी आराखड्यात), आणि राग कुठेच नाही.

८. भारतीय कायदा डोक्यात पक्का असल्याने नेमकं कुठे घसरतं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही कायदे एकाच घरातले. ९० टक्के सारखं वाटतं आणि उरलेल्या ठिकाणी मसुदाच उलटतो. मृत्युपत्राचं प्रश्न ९ मध्ये वेगळं लिहिलंय. इथे बाकीचं.

नोकरी सोडल्यावर स्पर्धा न करण्याचं कलम. आपल्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम २७ मुळे ते भारतात जवळजवळ शून्यवत. त्यामुळे भारतीय वकील एक तर ते लिहायलाच कचरतात, किंवा 'कुठे टिकणार आहे?' म्हणून वाटेल तेवढं रुंद लिहितात. इंग्लंडमध्ये ते टिकतं, पण मालकाच्या रास्त हिताचं रक्षण करण्यापुरतंच. म्हणून कालावधी, भौगोलिक हद्द आणि नोकर प्रत्यक्ष करत असलेलं काम यांना बांधूनच लिहायचं. जादा भाग कोर्ट कापून टाकू शकतं (२०१९ चा टिलमनचा निवाडा), पण फक्त उरलेलं वाक्य शब्द न बदलता उभं राहत असेल तर. त्यामुळे प्रत्येक बंधन वेगळ्या उपकलमात. तीन बंधनं एका वाक्यात कोंबलीत तर एकाबरोबर तिन्ही जाऊ शकतात.

वस्तूच्या दर्जाची गर्भित अट. आपल्या १९३० च्या कायद्यात 'मर्चंटेबल क्वालिटी' आहे. इंग्लंडच्या १९७९ च्या कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, 'सॅटिस्फॅक्टरी क्वालिटी'. शिवाय विक्रेता व्यवसायाच्या ओघात विकत होता हे मांडावं लागतं, नाहीतर कलम १४ लागूच होत नाही. ग्राहक असेल तर २०१५ चा कन्झ्युमर राइट्स अॅक्ट.

लीव्ह अँड लायसन्स. मुंबई-पुण्यात अकरा महिन्यांचा करार, रजिस्ट्रेशन, संपला की नवा. दस्तावर 'लायसन्स' लिहिलं की भाडेकरूपणा टळतो ही धारणा घेऊन इथे आलात तर १९८५ चा स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड वाचा. जागेचा ताबा एकट्याकडे, ठरावीक मुदत आणि भाडं असेल तर दस्ताला काहीही नाव द्या, ती टेनन्सीच. व्यापारी जागा असेल आणि मालकाला मुदत संपल्यावर जागा हवी असेल तर १९५४ च्या लँडलॉर्ड अँड टेनन्ट अॅक्टच्या संरक्षणातून बाहेर पडण्याची ठरलेली प्रक्रिया करावी लागते, आणि ती लीजच्या आधी.

जमिनीचा करार. भारतात तोंडी साठेखतावरही दावा लागू शकतो. इथे १९८९ च्या कायद्याच्या कलम २ प्रमाणे ठरलेल्या सगळ्या अटी एका लेखी दस्तात आणि दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात. एखादी अट बाजूच्या ईमेलमध्ये राहिली तर करारच नाही. म्हणून प्रश्नात पार्टनरचं (फर्ममधल्या वरिष्ठ वकिलाचं) ईमेल आणि एजंटच्या नोंदी दोन्ही असतील तर प्रत्येक अट कलमात उतरली का, हे टिकमार्क करून बघा.

९. मृत्युपत्राच्या ड्राफ्टमध्ये एवढं काय असतं? सोपं तर वाटतं.

सोपं वाटतं, म्हणूनच धोक्याचं. आधी सही आणि साक्षीदार. १८३७ च्या विल्स अॅक्टच्या कलम ९ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याने दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असताना सही करायची (किंवा आधीची सही आपली आहे असं त्यांच्यासमोर म्हणायचं). भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये दोघं एकाच वेळी असायची गरज नाही. त्या सवयीने लिहिलेलं साक्षांकन इथे मृत्युपत्र पाडू शकतं. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी कलम १५ ने बाद होते. हिंदूंच्या मृत्युपत्राला आपल्याकडचं त्याचं समांतर कलम लागत नसल्याने ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. आणि लग्न झालं की कलम १८ ने आधीचं मृत्युपत्र रद्द, तेही हिंदूला भारतात माहीत नसलेलं. अशील पुढच्या महिन्यात लग्न करणार असं ईमेलच्या तळाशी लिहिलेलं असेल, तर त्या ठरावीक व्यक्तीशी होणारं लग्न डोळ्यासमोर ठेवून मृत्युपत्र केलंय आणि ते रद्द होऊ नये, असं कलम हवं.

आता एक लहान सूचना घ्या : 'माझं घर बहिणीला. ती आधी गेली तर तिच्या मुलांना सारखं. शेजाऱ्याला १०,००० पौंड.' अर्ध्या उत्तरांत हीच तीन वाक्यं वकिली इंग्रजीत पुन्हा लिहिलेली असतात. खरं तर विचारायचं असं :

'माझं घर' म्हणजे आजचं की मरताना असेल ते? आजचा पत्ता लिहिला आणि पुढे घर विकलं, तर बहिणीला काहीच मिळत नाही. म्हणून 'मृत्यूच्या वेळी माझं मुख्य निवासस्थान असेल ते' असं काही जोडावं लागतं. घरावर मॉर्गेज आहे का? १९२५ च्या अॅडमिनिस्ट्रेशन ऑफ इस्टेट्स अॅक्टच्या कलम ३५ ने घर कर्जासकट जातं, अशिलाने उलट सांगितलं नसेल तर. बहीण आधी गेली तर मुलांना आपोआप मिळेल असं समजू नका. विल्स अॅक्टच्या कलम ३३ ची ती सोय फक्त मृत्युपत्र करणाऱ्याच्या स्वतःच्या मुला-नातवंडांसाठी आहे, बहिणीच्या मुलांसाठी नाही, म्हणून पर्यायी वारस लिहावाच लागतो. मुलं किती वयाची झाल्यावर? अठरा की एकवीस? अल्पवयीन मुलाच्या वाट्याची पावती कोण देणार? इन्हेरिटन्स टॅक्स घरातून जायचा की उरलेल्या इस्टेटीतून? आणि शेजारी : तोच साक्षीदार असेल तर त्याचे दहा हजार गेले.

ड्राफ्टमध्ये या प्रश्नांची उत्तरं कलमाच्या रूपात दिसली पाहिजेत. सूचनेत उत्तर नसेल तेव्हा काय करायचं ते प्रश्न १५ मध्ये.

१०. पार्टिक्युलर्स ऑफ क्लेमचा सांगाडा काय आणि व्याज कसं मांडायचं?

पक्ष कोण, करार कधी, कसा, लेखी की तोंडी (लेखी असेल तर प्रत जोडलीय), लागू अटी, स्पष्ट आणि गर्भित, वादीने आपली बाजू पूर्ण केली, प्रतिवादीने काय मोडलं, तपशीलवार, त्यातून काय नुकसान, व्याज, शेवटी मागणी आणि स्टेटमेंट ऑफ ट्रुथ. दर परिच्छेदाला एक आकडा आणि एकच विधान.

व्याजात मार्क सांडतात, कारण दिवाणी प्रक्रियेच्या नियम १६.४ ला ठरावीक रकमेच्या दाव्यात टक्केवारी, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, एकूण रक्कम आणि पुढचा रोजचा दर हे सगळं हवं असतं. समजा ३६,५०० पौंडांचं बिल १ मार्चला देय होतं, दावा ९ जूनला दाखल होतोय. काउंटी कोर्ट असल्याने १९८४ च्या काउंटी कोर्ट्स अॅक्टचं कलम ६९, दर ८ टक्के. वर्षाचे २,९२० पौंड, दिवसाचे ८. शंभर दिवसांचे ८०० पौंड, आणि तिथून निकाल किंवा पैसे मिळेपर्यंत रोज ८. हाय कोर्टात असाल तर १९८१ च्या सीनियर कोर्ट्स अॅक्टचं कलम ३५ए. दोन व्यवसायांमधलं बिल असेल आणि करारात व्याज ठरलेलं नसेल तर १९९८ चा लेट पेमेंटचा कायदा आधी बघा. बँक ऑफ इंग्लंडच्या बेस रेटच्या वर ८ टक्के मिळतात, आणि ते सोडून ६९ लावलंत तर अशिलाचे पैसे तुम्हीच कमी केलेत.

साधी रकमेची मागणी १ लाख पौंडांपर्यंत असेल तर काउंटी कोर्ट. शीर्षकात चुकीचं कोर्ट टाकलं की व्याजाचं कलमही चुकतं, त्यामुळे ही गोष्ट पहिल्याच मिनिटाला ठरवा.

११. डिफेन्समध्ये 'प्रतिवादी सर्व आरोप नाकारतो' असं एका ओळीत चालतं का?

मुळीच नाही. नियम १६.५ प्रमाणे प्रत्येक आरोपाला तीनपैकी एक उत्तर : मान्य, अमान्य, किंवा 'आम्हाला माहीत नाही, वादीने सिद्ध करावं'. अमान्य असेल तर कारण आणि आपली हकिकत द्यावी लागते. एखादा परिच्छेद अनुत्तरित राहिला तर तो मान्य धरला जाऊ शकतो. वादीच्या परिच्छेदांचे आकडे कागदावर उतरवून प्रत्येकासमोर मा, अ, सि अशी खूण करा. मग लिहायला बसा. आपल्याकडच्या कैफियतीतलं सरसकट नाकारणं इथे नेऊ नका.

१२. फौजदारीत ड्राफ्ट करण्यासारखं काय असतं?

क्राउन कोर्टातलं डिफेन्स स्टेटमेंट ओळखीचं ठेवा. १९९६ च्या क्रिमिनल प्रोसिजर अँड इन्व्हेस्टिगेशन्स अॅक्टच्या कलम ६ए ला बचावाचं स्वरूप, सरकार पक्षाच्या कोणत्या घटनांवर वाद आहे आणि का, बचाव ज्या घटनांवर उभा आहे त्या, कायद्याचा मुद्दा असेल तर तो, आणि अॅलिबाय (आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता हा बचाव) असेल तर साक्षीदाराचं नाव, पत्ता, जन्मतारीख एवढं हवं. त्यापलीकडे अशिलाची अख्खी कहाणी ओतू नका. स्टेटमेंटमधलं वाक्य पुढे खटल्यात त्याच्याच अंगावर येऊ शकतं.

१३. बिझनेसमध्ये इतिवृत्त लिहायला दिलं तर त्यात कायदा कुठे आला?

कोरममध्ये (सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीत). समजा कंपनीत दोनच संचालक आहेत, मॉडेल आर्टिकल्स (कंपनीसाठीची सरकारी नमुना नियमावली) लागू आहेत, आणि कंपनी एका संचालकाकडूनच जागा विकत घेतेय. कंपनीज अॅक्ट २००६ च्या कलम १७७ ने त्याने हितसंबंध जाहीर करायचा. मॉडेल आर्टिकल १४ ने तो त्या ठरावावर मत देऊ शकत नाही आणि कोरममध्येही धरला जात नाही. कोरम दोनचा. म्हणजे सभाच होऊ शकत नाही. आधी भागधारकांच्या साध्या ठरावाने आर्टिकल १४ बाजूला ठेवावं लागतं. किंमत १ लाख पौंडांच्या वर असेल, किंवा ५,००० च्या वर आणि कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या १० टक्क्यांहून जास्त असेल, तर कलम १९० खाली भागधारकांची मंजुरी वेगळी. हा क्रम इतिवृत्तात दिसला नाही, तर भाषा कितीही गुळगुळीत असो, सभा झालेलीच नाही.

असाच दुसरा सापळा संचालकाला काढण्याचा. कलम १६८ ला साधा ठराव लागतो, पण विशेष नोटीस देऊन आणि सभेतच. लेखी ठरावाने संचालकाला काढता येत नाही, आणि प्रश्नात पार्टनर 'पटकन लेखी ठराव कर' असं म्हणू शकतो.

१४. तयार मसुदा दुरुस्त करायला दिला तर किती हात लावायचा?

अशिलाचं हित आणि कायदा यांना लागेल तेवढाच. दुसऱ्या पक्षाने पाठवलेल्या मसुद्यात दर वाक्याची शैली सुधारत बसलात तर वेळ जातो आणि समोरचा वकील चिडतो. परीक्षक दोन्ही गोष्टी जाणतो. एक शब्द बदलला की तो शब्द व्याख्येत आणि इतर कलमांत कुठे आहे तेही बघा. भाडेपट्ट्यात 'परवानगीशिवाय हस्तांतर नाही' असं असेल, तर १९२७ च्या कायद्याच्या कलम १९ ने 'परवानगी विनाकारण नाकारता येणार नाही' हे आपोआप जोडलं जातं. भाडेकरूच्या बाजूने असाल तर तरीही ते लिहून टाका, शिवाय अटी काय असाव्यात हेही.

१५. सूचनेत माहितीच नसेल तर? तारीख, पत्ता, रक्कम बनवायची का?

कधीच नाही. चौकोनी कंसात रिकामी जागा ठेवा आणि काय हवंय ते तिथेच लिहा : [अशिलाकडून पूर्ण पत्ता घेणे]. पण दर दोन ओळींना कंस टाकून निर्णय पुढे ढकलू नका. प्रश्न ९ मधलं मुलांचं वय घ्या. सूचनेत नसेल तर १८ लिहून कंसात 'अशिलाची खात्री करणे' असं लिहा. पार्टनरला उत्तर हवं असतं, नुसती प्रश्नांची यादी नको असते.

१६. अशिलाची सूचनाच चुकीची किंवा बेकायदा असेल तर?

नीतीचे प्रश्न एसक्यूई-२ मध्ये 'हा नीतीचा प्रश्न आहे' असं सांगून येत नाहीत; ते सूचनेच्या पोटात असतात. करारावर मागची तारीख टाका. साक्षीदाराच्या निवेदनात तो जे म्हणाला नाही ते घाला. आईचं मृत्युपत्र मुलगा सांगतोय आणि सगळं त्यालाच मिळतंय. न्यायालयाची दिशाभूल होईल असं, किंवा कायद्याने मांडताच येणार नाही असं काही मसुद्यात जाणार नाही. ते कलम गाळा, आणि प्रश्नाने जागा दिली असेल तर पार्टनरला दोन ओळींची टीप : काय गाळलं, का, पुढे काय करावं. नीतीवर अर्धं पान प्रवचन नको, उरलेला मसुदा पूर्ण हवा.

१७. ४५ मिनिटं कशी वाटून घ्यायची?

आठ-दहा मिनिटं वाचन आणि सांगाडा, अठ्ठावीस-तीस लेखन, उरलेली तपासणी. तपासणीत भाषा शेवटी. आधी नावं सगळीकडे एकच आहेत का, व्याख्या केलेला शब्द मोठ्या अक्षराने सातत्याने आलाय का, 'कलम ४.२ प्रमाणे' म्हटलंय ते ४.२ खरंच आहे का, बेरीज बरोबर आहे का. ठरवलेल्या वेळेत शेवटचं कलम लिहून झालं नाही तर त्याचं शीर्षक आणि एका ओळीत परिणाम लिहा. कोरं सोडू नका.

१८. माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं आहे. जमेल का?

ड्राफ्टिंगला जमतं. लहान वाक्य, कर्ता पुढे, क्रियापद एक. 'मस्ट' किंवा 'शॅल' यांपैकी एकच निवडून शेवटपर्यंत तेच वापरा. समानार्थी शब्द नकोत : 'वस्तू', 'माल', 'साहित्य' असे तीन शब्द एकाच गोष्टीला वापरले की वाचणारा तीन गोष्टी समजतो. शाळेत निबंधाला या वेगवेगळ्या शब्दांचे मार्क मिळायचे, म्हणून मराठी आणि इंग्रजी माध्यमाची दोन्हीकडची मुलं इथे सारखीच अडकतात. टायपिंगचा वेग मात्र वाढवा. सव्वातीन तास सलग टाइप करायची सवय वकिलीत स्टेनोला सांगून होत नाही.

१९. नोकरी सांभाळून सराव कसा करू? पैसे न घालवता?

एसआरएच्या संकेतस्थळावर प्रत्येक कौशल्याचे नमुना प्रश्न मोफत आहेत. आधी ते घड्याळ लावून. कायदे सरकारच्या लेजिस्लेशन संकेतस्थळावर दुरुस्त्यांसह मिळतात, दिवाणी प्रक्रियेचे नियम आणि प्रॅक्टिस डायरेक्शन्स न्याय मंत्रालयाच्या, आणि टीआर१ (मालकी हस्तांतराचा फॉर्म) सारखे जमिनीचे फॉर्म सरकारी संकेतस्थळावर. फॉर्म कोरा उतरवून एखादा काल्पनिक व्यवहार भरून बघा. कोणत्या रकान्यात काय बसतं ते तसंच कळतं.

ट्रेनी असाल तर सगळ्यात चांगला सराव तुमच्या पार्टनरच्या लाल शाईत आहे. त्याने तुमच्या मसुद्यात केलेला प्रत्येक बदल कशासाठी होता ते शेजारी लिहा : कायदा, सूचना की केवळ आवड. आवडीचे सोडून द्या. मात्र खऱ्या अशिलाची कागदपत्रं घरी नेऊन किंवा कुठल्या चॅटबॉटमध्ये टाकून सराव करू नका. गोपनीयता हा परीक्षेतलाही मुद्दा आहे.

२०. भारतातून परीक्षा देता येते का?

लेखी भाग पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या परदेशातल्या काही केंद्रांवर देता येतो. तुमच्या फेरीला कोणती केंद्रं उघडी आहेत ते बुकिंगच्या आधी बघा. तोंडी भाग इंग्लंड किंवा वेल्समध्येच होतो, त्यामुळे व्हिसा आणि तिकिटाचा हिशोब लेखीची तारीख घेतानाच करावा लागतो. फी दर काही काळाने वाढते, म्हणून आकडा तिथलाच बघा.

२१. फर्मची पद्धत आणि परीक्षेत अपेक्षित पद्धत वेगळी असेल तर?

परीक्षेत परीक्षेचं. पुष्कळ फर्मच्या प्रिसिडंटमध्ये अजूनही 'हियरइनआफ्टर'ची रांग असते आणि पार्टनर ती हलवू देत नाही. ऑफिसात त्याचं ऐका. परीक्षेत नमुना दिलेला असेल तर त्या नमुन्याची शैली आणि क्रमांकन पाळा, आपली घुसवू नका. नमुना नसेल तर साधी आधुनिक इंग्रजी. वाद फक्त शैलीचा नसून कायद्याचा असेल, म्हणजे फर्मचा जुना नमुना रद्द झालेल्या कलमावर उभा असेल, तर परीक्षेत चालू कायदा लिहा आणि ऑफिसात पार्टनरला ईमेल करा.